एकटीच्या भटकंतीचे शेवटचे दिवस : हनोई

रानजाई

नमस्कार मंडळी,

हनोईच्या जुन्या पेठेतल्या हॉस्टेलच्या गच्चीवर बसून लिहितेय. सायगावपासून निघून होई आन, ह्वे, निन्ह बिन्ह असं करत उत्तरेला आले, चीनच्या सीमेकडच्या 'हा जांग' भागातले डोंगर झाले, आणि आता परतीचं विमान तेवढं उरलंय. एकटीनं परदेशी जायचं म्हटलं की व्हिसा, सॅक, बजेट, सुरक्षितता यांवर इथे भरपूर धागे सापडतात. निघताना मी सगळे वाचले होते आणि त्यांचा खूप उपयोग झाला. पण भटकंतीचे शेवटचे तीन-चार दिवस कसे काढायचे यावर कुणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. शेवटचे दिवस सगळ्यांत आधी ठरवावेत आणि त्यात एकही नवीन गाव घालू नये. जिथून विमान आहे तिथे निदान तीन रात्री आधी पोचावं आणि तिथेच राहावं. राहिलेली ठिकाणं यादीतून सरळ खोडून टाकावीत.

पहिलं कारण रस्त्याचं आणि हवेचं. हा जांगहून हनोईला बसनं सहा-सात तास लागतात, तेही सगळं सुरळीत असेल तर. घाटात दरड आली की वेळापत्रक संपलं. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळ उत्तर व्हिएतनामवर आदळलं, तेव्हा फू थो प्रांतातला फाँग चाउ पूल कोसळला आणि हनोईत लाल नदी इतकी चढली की लाँग बिएन पुलावरची वाहतूक बंद करावी लागली. हा जांगच्या हॉस्टेलवाल्या ताई अजून त्या दिवसांबद्दल बोलतात. डोंगरात अडकलेल्या कुणाची विमानं चुकली, कुणाचा व्हिसा संपत आला. सोबत कुणी असलं की अशा वेळी एकजण फोन लावतो, दुसरा सामान सांभाळतो. एकटीला दोन्ही करावं लागतं.

दुसरं कारण शरीराचं. काही आठवडे रोज नवा पलंग, नवी गल्ली, नवा भाव. मजा येते, पण सतत सावध राहायचा शीण आत साठत जातो, आणि तो शेवटी शेवटी बाहेर पडतो. माझ्या बाजूच्या पलंगावरची कोरियन मुलगी काल दिवसभर झोपून होती. तापबीप काही नव्हता, नुसती थकलेली.

तिसरं कारण मनाचं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वाटेत जमलेली माणसं एकेक करून निघून जातात. हा जांगला माझ्याबरोबर असलेल्यांपैकी दोघी लाओसला गेल्या, एकजण घरी. घरचे फोनवर विचारायला लागतात, 'विमानतळावर कोण येऊ?' ऑफिसचे मेल डोकावतात. आपण धड इथे नसतो, धड तिथे नसतो. अशा वेळी हातात नवीन गावाचं तिकीट असलं की मन त्या धावपळीत लपतं आणि प्रवास संपला हे घरी पोचल्यावर अंगावर येतं. एकाच गावात थांबलं की निरोप घ्यायला सवड मिळते.

मी हालाँगच्या उपसागरातली क्रूझ घेतलेली नाही, सा पा या डोंगरातल्या गावालाही गेले नाही. हे वाचून काही जण हळहळतील, पण मी विचार करून ठरवलंय.

तुमच्या एकट्याच्या भटकंतीचे शेवटचे दिवस कसे गेले? वेगळं मत असेल तर तेही लिहा.

मृद्गंध

वाचतेय. विषय अगदी मनातला काढलास. ही जागा अडवून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन.

सह्याद्रीवाला

लेखन आवडलं, पण असहमत. मुंबईहून एवढे पैसे घालून जायचं आणि हालाँग न बघता यायचं? १९९४ पासून जागतिक वारसा असलेली जागा आहे ती. हनोईहून द्रुतगती मार्गानं अडीच तास. मी शेवटच्या दोन दिवसांत एका रात्रीची क्रूझ केली, दुसऱ्या दिवशी दुपारी हनोईत परत, रात्री विमान. काही अडलं नाही. परत कधी जाणं होईल कुणाला माहीत? नोकरी करणाऱ्याला सुट्टी मिळते मोजकी. हनोईच्या फुटपाथवर बसून चहा पिण्यात तीन दिवस घालवणं मला तरी पटणार नाही.

रानजाई

@सह्याद्रीवाला, तुमचा मुद्दा समजते. सुट्टी कमी असेल तर हालाँग जरूर करावं, पण मधल्या दिवसांत करावं, शेवटी नको. हालाँगच्या बोटी सोडायच्या की नाही हे तिथलं बंदर प्रशासन हवा बघून ठरवतं. हवा बिघडली तर सगळ्या बोटी बंद, आणि ते योग्यच आहे. जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात तिथे पर्यटकांची बोट उलटून बरीच माणसं गेली. बोट सोडा म्हणून आपण आग्रह धरू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी विमान असलं की मन तोच आग्रह धरतं. मधल्या दिवसांत असाल तर एक दिवस थांबून जाता येतं.

दुसरं असं की मी निन्ह बिन्हला चुनखडीचे तेच डोंगर ट्रांग आनच्या होडीतून पाहिले. तिथे पाणी डोंगरांच्या पोटातून जातं, गुहेत शिरताना डोकं खाली घालावं लागतं, आणि वल्हं मारणाऱ्या बहुतेक बायका आहेत. समुद्रातलं हालाँग वेगळं असणार हे कबूल. पण मला त्यात अपुरेपणा वाटला नाही.

निवृत्त_भटक्या

रानजाई, धागा चांगला काढलात. मी सेवानिवृत्तीनंतर एकटा फिरायला लागलो. आमच्याकडे हाच धडा नेपाळनं शिकवला. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाचं विमान म्हणजे हवेची मर्जी. ढग आले की सगळे धावपट्टीकडे डोळे लावून बसलेले. गर्दीच्या हंगामात ही विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे आणखी चार-पाच तास गाडीचे. ज्यांनी काठमांडूचं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढलं होतं, ते हेलिकॉप्टरसाठी वाट्टेल ते पैसे मोजत होते. मी मधे मोकळे दिवस ठेवले होते. ते दिवस पाटणच्या दरबार चौकात नुसता बसून काढले. त्या प्रवासातलं मला आज सगळ्यांत स्पष्ट काय आठवत असेल, तर तो चौक.

माझ्या वयाच्या लोकांसाठी एक मुद्दा जोडतो. गुडघे, रक्तदाब, झोप यांचा हिशेब शेवटच्या दिवसांत चुकता करावाच लागतो. थकलेला माणूस विमानतळावर कागदपत्रं विसरतो. दोन दिवस विश्रांती मिळाली की डोकं ठिकाणावर असतं.

शाकाहारी_पण_हौशी

ताई, खाण्याचं सांगा ना. मी अंडं खाते, मासे-मटण नाही. व्हिएतनाममध्ये शेवटी शेवटी नुसत्या पावावर दिवस काढावे लागले असं एका मैत्रिणीचं म्हणणं.

रानजाई

@शाकाहारी_पण_हौशी, तसं मुळीच नाही. 'चाय' हा एकच शब्द पाठ करा. तो चहासाठी नाही, शाकाहारासाठी आहे. 'कोम चाय' लिहिलेली खानावळ दिसली की आत शिरा. इथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहार पाळतात. त्या दिवशी या खानावळींना रांगा असतात आणि सगळं ताजं मिळतं.

साध्या खानावळीत टोमॅटोच्या रश्शातलं टोफू मिळतं. लसूण घालून परतलेली नाळीची भाजी मिळते, हो, आपल्याकडची नाळीचीच. फक्त फिश सॉस घालू नका असं आधी सांगावं लागतं, तो सवयीनं पडतो. 'बुन डाउ' म्हणजे शेवया आणि तळलेलं टोफू. त्याबरोबर कोळंबीची आंबवलेली चटणी येते, तिच्याऐवजी सोया सॉस मागा. सकाळी हळद घातलेला चिकट भात मिळतो, वर मुगाच्या डाळीचा किसलेला गोळा आणि तळलेला कांदा. त्यावर कधी प्राण्याची चरबी सोडतात, म्हणून तेवढं विचारून घ्या.

अंडं चालतं म्हणताय तर इथली अंड्याची कॉफी घ्याच. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई होती, तेव्हा इथल्या एका मोठ्या हॉटेलातल्या बारमननं दुधाच्या जागी अंड्याचा बलक फेटून घातला, तिथून ती आली. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. चमच्यानं आधी वरचा फेस खायचा आणि खालची कडू कॉफी मागून येते.

आणि तुम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आलात तर 'कोम'. (कोम चाय मधला कोम म्हणजे शिजवलेला भात, हा उच्चारानं वेगळा.) कोवळ्या, दुधाळ भाताचे भाजून कांडलेले हिरवे पोहे. हनोईजवळच्या वाँग गावचे प्रसिद्ध. आज सकाळी हँग गाय रस्त्याच्या कोपऱ्यावर सायकलवाल्या मावशींकडून घेतले. त्यांनी आधी अळूसारख्या एका पानात मूठभर पोहे घेतले. ओलावा टिकावा म्हणून ते पान. मग ती पुडी कमळाच्या पानात गुंडाळली, ती वासासाठी. वरून भाताच्या हिरव्या काडीची गाठ. दोरा नाही, रबर नाही, पिशवी नाही. मी पैसे काढेपर्यंत पुडी तयार. तळ्याकाठी बसून पिकल्या केळ्याबरोबर चिमूट चिमूट खाल्ले. घाईनं खायची गोष्टच नाही ती, आणि मला वाटतं शेवटच्या दिवसांना हाच वेग शोभतो.

मृद्गंध

आले एकदाची.

रानजाई, तुझं तिसरं कारण वाचून जरा वेळ थांबले. मी एकटी जॉर्जियाला गेले होते. शेवटच्या दिवसांत तिबिलिसीत मला रडू यायचं आणि कारण कळायचं नाही. दुःख म्हणावं तर नव्हतं. इतके दिवस मी कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची मॅनेजर नव्हते. कुठे जेवायचं, कधी उठायचं, हे फक्त मी ठरवत होते. आणि ते संपणार होतं. घरची ओढही तितकीच खरी होती, लेकाचा आवाज ऐकला की लगेच निघावंसं वाटायचं. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असतात हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

म्हणून तुझ्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा. मी त्या दिवसांत रोज एकाच बेकरीत जायचे आणि वहीत लिहायचे. फोटो नाही, पोस्ट नाही. ती वही अजून कपाटात आहे आणि अडीअडचणीला मी ती काढते.

हनोईत_मुक्काम

इथे कामानिमित्त राहतो, म्हणून थोडी व्यवहाराची भर.

समाधी : हो चि मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. वर्षातून काही आठवडे डागडुजीसाठीही बंद ठेवतात. गुडघे आणि खांदे झाकलेले कपडे हवेत, आत फोटो नाही, बोलणं नाही. बा दिन्ह चौकात २ सप्टेंबर १९४५ ला त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली आणि बरोबर २ सप्टेंबरलाच, १९६९ मध्ये, ते गेले. आपलं दहन करावं अशी त्यांची इच्छा होती. हे माहीत असलं की ती रांग वेगळी वाटते.

विमानतळ : ८६ क्रमांकाची केशरी बस रेल्वे स्टेशनपासून जुन्या पेठेजवळून नोई बाई विमानतळावर जाते. भाडं पन्नास हजार डोंगच्या (इथलं चलन) आत. रात्री उशिरा ती नसते, तेव्हा ग्रॅब या ॲपवरून बोलावलेली गाडी. भारतात जाणारी बरीच विमानं रात्रीची असतात, म्हणून तारीख नीट बघा. २१ तारखेचं पहाटे साडेबाराचं विमान म्हणजे २० तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर. व्हिसाची शेवटची तारीखही त्याच हिशेबानं तपासा. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, त्यामुळे काठावरच्या तारखा मागण्याचं आता कारण नाही. अर्जातच दोन-चार दिवस जास्त घ्या.

नोटा : वीस हजार आणि पाच लाख, दोन्ही निळसर. गडबडीत एकाऐवजी दुसरी जाते. शेवटच्या दिवशी उरलेल्या मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. भारतात डोंग बदलून घेणं कठीण, त्यामुळे इथेच खर्च करा किंवा बदला.

रानजाई, वेळ असेल तर पहाटे लाँग बिएन पुलावर चालत जा.

रानजाई

@हनोईत_मुक्काम, खूप खूप धन्यवाद. तुमचं वाचून आज पहाटेच गेले!

इतरांसाठी लिहिते. १८९९ ते १९०२ मध्ये फ्रेंचांनी बांधलेला हा लोखंडी पूल. आयफेलनं बांधला असं बरेच जण सांगतात, पण तो डेदे आणि पिये या कंपनीचा, आणि त्यांच्या नावाची पाटी पुलाच्या लोखंडावर आहे. अमेरिकन विमानांनी युद्धात तो पुन्हापुन्हा पाडला आणि हनोईच्या लोकांनी पुन्हापुन्हा उभा केला. त्यामुळे सांगाड्याचा उंचसखल आकार सगळीकडे सारखा नाही, मधेच कमानी गायब होतात. मधून रेल्वेचा रूळ, दोन्ही बाजूंना दुचाक्या आणि कडेला चालायची सिमेंटच्या फरशांची चिंचोळी वाट. फरशांच्या फटींतून खाली नदी दिसते. देशभर गाड्या उजवीकडून चालतात, या पुलावर मात्र डावीकडून, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पुलाच्या मध्यावर बायका मक्याची कणसं आणि खालच्या बेटावर पिकलेली भाजी विकत होत्या. हनोईची ट्रेन स्ट्रीट म्हणून जी गल्ली फोटोंत दिसते तिथे मी गेले नाही, जाणारही नाही. पोलीस ती वारंवार बंद करतात आणि रुळाला लागून खुर्च्या टाकून बसण्यात जीव घालण्यासारखं काही नाही. इंजिन जवळून बघायचंच असेल तर हा पूल आहे.

आणि परत येताना एका रस्त्यावर ओळखीचा वास आला. वर बघते तर सातवीण! आपली सप्तपर्णी. पुण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी जिच्या वासानं काहींचं डोकं दुखतं आणि काही वेडे होतात, तीच. हनोईत शरद ऋतू म्हणजे हाच वास, इथले लोक यावर कविता-गाणी करतात. दुपारी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, 'आपल्या कोपऱ्यावरची पण फुललीय.'

गडकोट

व्हिएतनामनं अमेरिकेविरुद्धच्या युद्धात शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेतली, तिथे महाराजांचा पुतळा आहे, असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. तुम्हाला काही दिसलं का?

रानजाई

@गडकोट, दिसलं नाही आणि त्या मजकुराला आधार म्हणून कुणी कागद दाखवल्याचंही माझ्या पाहण्यात नाही. महाराजांबद्दल मला जो आदर आहे, त्यामुळेच हे स्पष्ट लिहावंसं वाटतं. त्यांचं मोठेपण अशा फिरत्या मजकुरावर टेकवायची गरज नाही.

या लोकांची गनिमी काव्याची परंपरा त्यांची स्वतःची आणि फार जुनी आहे. १२८८ मध्ये चान हुंग दाव या सेनापतीनं बाक डांग नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवून ठेवले, भरतीच्या वेळी मंगोल आरमाराला आत ओढलं आणि ओहोटी लागल्यावर जहाजं त्या खांबांवर अडकली. त्या नदीतले खांब हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ठेवलेत. काळे पडलेलं, चिरलेलं लाकूड. आरमाराचा इतिहास आवडणाऱ्या मराठी माणसानं ते बघावंच. पंधराव्या शतकात ले लोईनं डोंगरातून दहा वर्षं लढून चीनच्या मिंग सैन्याला घालवलं. होआन किएम तळ्यातल्या कासवानं त्याची तलवार परत नेली ही कथा त्याचीच. तिथलं शेवटचं महाकाय कासव जानेवारी २०१६ मध्ये मेलं, ते तळ्यातल्या देवळात जपून ठेवलंय.

भारताशी खरं नातं बघायचं असेल तर मध्य व्हिएतनाममधलं 'मी सन' हे ठिकाण. होई आनपासून साधारण चाळीस किलोमीटर. चाम राजांची (तिथल्या जुन्या चंपा राज्याचे राजे) शिवमंदिरं, पहिलं भद्रेश्वराचं, चौथ्या शतकातल्या भद्रवर्मन राजाचं. १९६९ च्या बाँबफेकीत त्यातली बरीच पडली. आपल्या पुरातत्त्व खात्यानं २०१७ ते २०२२ मध्ये तिथल्या काही मंदिरांचं काम केलं, २०२० मध्ये त्यात नवव्या शतकातलं अखंड दगडातलं शिवलिंग सापडलं. मी ते बघायला म्हणून एक दिवस जास्त राहिले होते.

गडकोट

धन्यवाद. तो मजकूर मीही पुढे पाठवला होता, आता आमच्या गटात हे टाकतो. बाक डांगबद्दल माहीत नव्हतं.

सह्याद्रीवाला

चर्चा चांगली चाललीय. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण एक मान्य करतो. क्रूझवरून परत येताना वाहतूक कोंडीत गाडी अडकली होती आणि तो सगळा वेळ मी घड्याळ बघत होतो. शेवटचा दिवस म्हणून काय आठवतं विचाराल तर ते घड्याळच. पुढच्या वेळी हालाँग आधी आणि हनोई शेवटी, एवढा बदल करेन. तीन दिवस मात्र माझ्या स्वभावाला जमणार नाहीत, दीड पुरे.

रानजाई

@सह्याद्रीवाला, दीडही चालेल की! आकडा महत्त्वाचा नाही, क्रम महत्त्वाचा.

आणि थांबायचं म्हणजे काहीच करायचं नाही असं नव्हे. काल मी व्हिएतनामी स्त्री-संग्रहालयात अर्धा दिवस काढला. फिरत्या विक्रेत्या बायकांवर तिथे एक दालन आहे. त्या खेड्यांतून येतात, मध्यरात्री घाऊक बाजारातून माल उचलतात आणि दिवसभर खांद्यावर कावड घेऊन फिरतात. मुलांच्या शाळेसाठी. सकाळी जिच्याकडून कोम घेतले तिला त्यानंतर मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. आधीच्या आठवड्यात हे संग्रहालय पाहिलं असतं तर अर्ध्या तासात उरकून पुढे गेले असते.

आज कपडे धुवायला दिले, किलोवर घेतात. हा जांगच्या चिखलाचे बूट हॉस्टेलच्या मोरीत घासले. मा पी लेंग घाटातला तो लालसर चिखल. १९५९ ते १९६५ मध्ये तरुण मुलामुलींनी हातानं डोंगर फोडून तो रस्ता काढला, घाटाच्या टप्प्यावर तर कड्याला दोर बांधून लटकत काम केलं. मोटरसायकलच्या मागे बसून मी तिथून गेले तेव्हा खाली न्यो क्वे नदी हिरवी रेघ दिसत होती आणि वळणावळणांवर कुट्टूच्या फुलांची गुलाबी शेतं. बूट घासता घासता ते सगळं परत आठवलं. घरी नेऊन घासले असते तर चिडचिड झाली असती.

काळजीवाहू_आई

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी डिसेंबरमध्ये एकटी व्हिएतनामला चाललीय. धागा वाचून धीर आला आणि काळजीही वाटली. रोज किती वेळा फोन करावा? विमानाच्या आधीचे दिवस मोकळे ठेव म्हटलं तर म्हणते, 'आई, तुला माझ्यावर विश्वास नाही.'

मृद्गंध

ताई, माझी आई रोज रात्री एकच प्रश्न विचारायची, 'जेवलीस का?' आणि उत्तर आलं की फोन ठेवायची. तेवढं पुरायचं. काय पाहिलं, कुणाबरोबर होतीस, हे विचारलं की आम्ही मुली आखडतो.

रानजाई

काकू, पहिल्यांदा तुमचं कौतुक, की तुम्ही तिला जाऊ देताय आणि स्वतः येऊन वाचताय.

फोनची एक वेळ दोघींनी मिळून ठरवा. इथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. तुम्ही रात्री नऊला फोन केलात तर तिच्याकडे साडेदहा, तेव्हा ती बहुधा खोलीवर आलेली असते. ठरलेल्या वेळी निरोप आला नाही तर किती तास वाट बघायची आणि मग कुणाला फोन करायचा, हेही आधीच ठरवा. हॉस्टेलचे पत्ते आणि विम्याचा कागद तुमच्याकडे असू द्या. मोटरसायकल स्वतः चालवणार असेल तर विमा त्याला लागू आहे का हे तिनं वाचलंच पाहिजे. हा जांगला मागे बसून जाणं उत्तम, स्थानिक चालक रस्ता ओळखतात. डिसेंबरमध्ये तिथे कडाक्याची थंडी आणि धुकं असतं, गरम कपडे चांगले घेऊ द्या.

मोकळ्या दिवसांचं तुम्ही काळजी म्हणून सांगितलंत तर तिला पटणार नाही. हा धागा तिला पाठवा, वाचून ती काय ते ठरवेल. आणि परत आल्यावर पहिले दोन-तीन दिवस घरात पाहुणे बोलावू नका, एवढी माझी विनंती. तिला झोपू द्या. बोलायचं असेल तेव्हा ती आपणहून बोलेल.

काळजीवाहू_आई

धागा पाठवला. तिनं रात्रभर बसून बेत बदलला. हालाँग आता निन्ह बिन्हच्या आधी घेतलंय आणि शेवटी हनोईत तीन रात्री. शनिवारी संध्याकाळी पोचणार. रविवारी तळ्याभोवती फिरणं, सोमवारी सकाळी समाधी आणि मानववंश संग्रहालय, मंगळवारी साहित्य मंदिर आणि रात्री विमान. बरोबर आहे का? तिनंच विचारायला सांगितलंय.

हनोईत_मुक्काम

काकू, सोमवारी समाधी आणि मानववंश संग्रहालय दोन्ही बंद. समाधी रविवारी सकाळी लवकर करू द्या, त्या दिवशी गर्दी असते म्हणून साडेसातच्या आत रांगेत हवं. तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्यांना बंद असतात, म्हणजे शनिवारी पोचल्यावरही फिरता येईल आणि रविवारी दुपारनंतरही. सोमवार मोकळा ठेवा. साहित्य मंदिर मंगळवारी सकाळी बरोबर आहे. १०७० सालचं आहे, कासवांच्या पाठीवरचे ८२ शिलालेख सावकाश बघण्यासारखे आहेत. एक लाखाच्या नोटेवर तिथलाच मंडप आहे. मानववंश संग्रहालय मंगळवारी दुपारी जमेल, पण सॅक हॉस्टेलवर ठेवून जायला सांगा.

रानजाई

काकू, सोमवारी तिला लाँग बिएन पूल सांगा. पहाटे, आणि बूट घालून, चपला नकोत. फरशांमध्ये फटी आहेत.